तलावातलं कासव आणि बाकड्यावरचे सात दिवस

ती घटना मी विसरलो असतो तर मला फार आवडलं असतं. तसे प्रयत्नही केले. निवृत्तीनंतर परसात भाजी लावली, भजनी मंडळात टाळ धरला. टाळाचा हट्ट मंडळींनीच विनंती करून सोडायला लावला. पण घरात कुणी काही चार्जिंगला लावून विसरलं, की माझं डोकं थेट दौंड तालुक्यातल्या त्या ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत जाऊन उभं राहतं.

पोलीस अधिकारी आठवणी लिहितात तेव्हा त्यात चोर हुशार असतो आणि अधिकारी त्याच्याहून हुशार निघतो. या आठवणीत चोर नाहीच. हुशार माणसं तीन आहेत. त्यांत मी नाही.

मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होतो, निवृत्तीला दीड-दोन वर्षं राहिली होती. भांडगावपासून थोडं आत, उसाच्या पट्ट्यात, एका मोठ्या बागाईतदारानं पर्यटन केंद्र काढलं होतं. बैलगाडी, झोके, चुलीवरचं जेवण आणि या सगळ्यापेक्षा जास्त गर्दी खेचणारा पोहण्याचा तलाव. मालकांना सगळे आप्पा म्हणत. गावच्या राजकारणात त्यांचा शब्द चाले. तलाव साफ करायला त्यांनी दोन यंत्रं आणली होती. निळी, बसकी, खाली चाकं. पाण्यात सोडलं की तळाशी फिरत गाळ आणि पानं ओढून घ्यायची. वायर नाही, आत लिथियम बॅटरी. बाहेर काढायचं, चार्ज करायचं, पुन्हा सोडायचं. कामगार त्याला कासव म्हणत, म्हणून मीही कासवच म्हणतो.

तलावाची सगळी देखभाल एका माणसाकडे होती. पंचावन्न-साठीचे, उंच, पागोटं बांधणारे. त्यांचे वडील मेंढरं घेऊन कोकणापर्यंत चालत जायचे. यांची पिढी दोन एकरांवर स्थिरावली. तरी घरी वीसेक मेंढ्या होत्या, आणि लोकर कातरण्यात त्यांचा हात इतका हलका, की हंगामात शिरूरकडच्या वाड्यांवरूनही त्यांना बोलावणं यायचं. सगळे त्यांना मामा म्हणत. मी म्हणत नव्हतो. मी त्यांना ‘ए’ म्हणत होतो. ते पुढे येईलच.

एप्रिलमधला गुरुवार होता. औद्योगिक पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, त्यामुळे कारेगाव, सणसवाडीकडची कामगार कुटुंबं तलावावर आली होती. दुपारी तीनच्या सुमाराला तलावाला लागून असलेल्या मोटर रूममध्ये आग लागली. आम्ही पोचलो तेव्हा पत्रा वाकला होता, फिल्टरची टाकी काळी पडली होती, आणि कोपऱ्यात निळ्या प्लास्टिकचा वितळून थिजलेला गोळा होता. चार्जिंगला लावलेलं कासव ते. दुसरं कासव त्या वेळी पाण्यात होतं, म्हणून वाचलं.

माणूस एकच भाजला होता. मामा. पाण्यात टाकायच्या क्लोरीन पावडरीचे दोन ड्रम त्याच खोलीत होते, आणि ते पेटले असते तर दहा पावलांवर पोहणाऱ्या पोरांचं काही खरं नव्हतं. मामांनी आत शिरून दोन्ही ड्रम ओढून बाहेर काढले. दुसऱ्या ड्रमच्या वेळी वरून वितळलेलं प्लास्टिक उजव्या पंजावर पडलं.

हे मी आज असं सरळ लिहितोय. त्या दिवशी मी पंचनाम्यात लिहिलं, ‘आग लागली तेव्हा सदर इसम सर्वांत आधी घटनास्थळी हजर असल्याचे दिसून येते.’ वाक्यात खोटं काही नाही. लिहिताना माझी भुवई वर गेली होती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा खबऱ्या आला. हायवेवर चहाची टपरी चालवायचा. बिस्किटाचा पुडा फोडावा तशी बातमी हळूच फोडायचा.

“सायेब, एक बोलू का? माझं नाव येऊ देऊ नका.”

“तुझं नाव मला माहीतच नाही, बोल.”

“मामा बुधवारी माझ्या टपरीवर म्हनत हुता, ते कासव एक दिवस समदी खोली पेटवनार. आन् दुसऱ्याच दिशी पेटली. आप्पांशी बी त्याची बोलाचाली झाली हुती, त्याच कासवावरनं.”

मला एवढं पुरलं. ज्याला आधी कळलं त्यानंच केलं, हा माझा तीस वर्षांच्या नोकरीतला आवडता सिद्धांत होता. दोन-तीनदा तो खरा ठरला होता, म्हणून मी त्याच्यावर लेकरासारखं प्रेम करायचो. वरिष्ठांनी विचारलं, “अकस्मात जळीत म्हणून नोंद करायची की गुन्हा?” मी म्हणालो, “दोन दिवस द्या सर, माणूस हातात आहे.” आप्पांचा दबाव होता असं लिहिलं तर मला बरं वाटेल, पण नव्हता. त्यांनी एकदाच फोन केला, “बघा काय ते,” म्हणाले आणि ठेवला. मूर्खपणा सगळा माझ्या स्वतःच्या कमाईचा होता.

आमच्या खात्यात ‘बसवून ठेवणं’ नावाचा एक प्रकार आहे. अटक नाही, नोंद नाही. चौकशीला बोलवायचं आणि व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसवायचं. सकाळी नऊला ये, संध्याकाळी सहाला जा, उद्या परत ये. कागदावर काहीच घडलेलं नसतं, आणि बाकड्यावरचा माणूस मात्र रोज थोडा थोडा खचतो. शुक्रवारी सकाळपासून मामा त्या बाकड्यावर होते. उजवा हात पांढऱ्या पट्टीत, मांडीवर उताणा ठेवलेला.

पहिल्या चौकशीतलं बोलणं मला शब्दाशब्दानं आठवतं, कारण सगळं उत्तर त्यातच होतं.

“तुला आधीच कसं कळलं आग लागणार ते?”

“पोट फुगलं हुतं त्याचं, साहेब.”

“कुणाचं?”

“कासवाचं. बुडाचं झाकन आदी सपाट हुतं. आठ दिस झालं, वर आलं हुतं. भुईवर ठेवलं की डुगडुगायचं. आन् चार्जिंगला लावलं की अंग तापायचं, ताप चढल्यागत.”

“मग?”

“मग काय. मेंढीचं पोट फुगलं की आमी तिला कळपातनं बाजूला बांदतो, चारा बंद करतो. मी आप्पास्नी म्हनलं, ह्याला बी बाजूला काढा, चार्जिंग नगा लावू. ते म्हनलं, पाव्हनं येत्यात, तलाव घान दिसतोय, लाव. त्यावरनं बोलाचाली झाली.”

मी हसलो. चांगला मोकळा हसलो. शेजारच्या शिपायालाही सांगितलं, “ऐकलं का, यंत्राला पोटफुगी झाली म्हणे.” तोही हसला, कारण साहेब हसले की हसायचं असतं. आणि जबाबाच्या कागदावर मी लिहिलं, ‘समाधानकारक उत्तरे देत नाही.’

उठताना मामा म्हणाले, “साहेब, उद्या सकाळी दवाखान्यात जायाचं हाय. एक दिसाआड पट्टी बदलाय सांगितलीया डॉक्टरीनबाईंनी.”

“जाशील. आधी खरं काय ते सांग.”

“ते सांगितलं की.”

“मग बस.”

ग्रामीण रुग्णालयात ड्रेसिंगची वेळ सकाळची, बारापर्यंत. मला ते माहीत होतं. नव्हतं असं म्हणायची सोय नाही. आमचेच जखमी आम्ही तिथे नेत होतो.

शनिवार गेला, रविवार गेला. मामांचं उत्तर बदलेना. मी उलटसुलट विचारलं, गोडीत विचारलं, टेबलावर लाकडी पट्टी आपटून विचारलं. पोटफुगी म्हणजे पोटफुगीच. तेव्हा सोमवारी माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला.

वाचलेलं दुसरं कासव आम्ही नमुना म्हणून जप्त करून आणलं होतं. म्हटलं, दोन पंचांसमक्ष चार्जिंगला लावू. पेटलं नाही तर यंत्र आपोआप पेटत नाही हे सिद्ध, म्हणजे मामांनी पेटवलं हे सिद्ध. त्याचा चार्जर खोलीत जळाला होता, पण अशा क्षुल्लक गोष्टीनं मी थोडाच थांबतो. सीसीटीव्हीच्या पेटीत एक जुना चार्जर पडला होता. पिन बसली. पिन बसली म्हणजे चार्जर चालतो, ही माझी विद्युतशास्त्राची एकूण पदवी. कासवाच्या पोटात तलावाचं पाणी अजून खळखळत होतं, चार्जिंगच्या खाचेत ओल होती. ती मी स्वतःच्या रुमालानं वरवर पुसली आणि व्हरांड्यात, पश्चिमेच्या उन्हात, यंत्र चार्जिंगला लावलं.

बाकड्यावरून मामा म्हणाले, “साहेब, सावलीत तरी घ्या त्येला.”

“ए, तू गप बस. घाबरलास का?”

“व्हय,” मामा म्हणाले. “भ्यालो.”

ती कबुली समजून मी मनातल्या मनात खूश झालो. चार तास झाले. कासव गरम झालं, पण पेटलं नाही. मी प्रात्यक्षिकाचा पंचनामा केला, पंचांच्या सह्या घेतल्या आणि यंत्र सीलबंद करायला मुद्देमाल सांभाळणाऱ्या हवालदार ताईंकडे दिलं.

या ताई म्हणजे आमच्या ठाण्याचा कणा. वीस वर्षं जुनी वस्तू कुठल्या फळीवर आहे हे त्या डोळे मिटून सांगत. वाचकांसाठी सांगतो, मुद्देमाल सील करायची आमची रीत जुनी आहे. वस्तू कापडात गुंडाळायची, सुतळीनं घट्ट बांधायची, पंचांच्या सह्यांचं लेबल आत घालायचं. मग मेणबत्तीवर लाख वितळवून गाठींवर ओतायची आणि त्यावर ठाण्याचा शिक्का उमटवायचा. चाकू असो, दारूची बाटली असो, रीत तीच. मग कासव का वेगळं असेल? ताई म्हणाल्या, “साहेब, हे अजून गरम लागतंय हाताला.” मी म्हणालो, “उन्हात होतं ना. करा सील.” पाच गाठी, पाच सीलं. गरम यंत्र, वरून गरम लाख, आणि खोली पत्र्याची. त्या खोलीत शेकडो गुन्ह्यांचा मुद्देमाल होता, आणि हातभट्टीचे दोन कॅनही.

बुधवारी सकाळी ताई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. “साहेब, त्या कासवाच्या दोन गाठींची लाख तडकलीय.”

खात्यात सील तुटणं म्हणजे केवढी गोष्ट असते ते बाहेरच्यांना कळणार नाही. पुराव्यात कुणीतरी हात घातला, असाच त्याचा अर्थ निघतो. मी जाऊन पाहिलं. कापड ताठ झालं होतं, सुतळी रुतली होती, लाखेला भेगा. खोलीत गोडसर, नखांना लावायच्या रंगासारखा वास होता.

आता मी काय करायला हवं होतं? वास कसला, कापड ताठ का, एवढं तरी विचारायला हवं होतं. व्हरांड्यात मेंढरं राखलेला माणूस पाच दिवस ओरडून सांगत होता, पोट फुगतं म्हणून. खरं तर ओरडतही नव्हता. मी काय केलं? ताईंना लेखी खुलासा मागितला. ‘आपल्या ताब्यातील मुद्देमालाचे सील कसे तुटले याचा चोवीस तासांत खुलासा करावा.’ ताईंनी कागद वाचला, घडी घातली.

“वीस वर्षांत पहिला खुलासा हाय साहेब हा माझा.”

“नियम आहे, ताई.”

“व्हय. नियमच हाय.”

त्याच दुपारी मामी डबा घेऊन आल्या होत्या. रोज यायच्या, कुंपणापाशी बसायच्या, नवऱ्याला भाकरीचा घास करून भरवायच्या, कारण उजवा हात चालत नव्हता. त्या दिवशी त्या सरळ माझ्या खोलीच्या दारात आल्या.

“साहेब, हात वास मारतोया त्येंचा.”

“संध्याकाळी घेऊन जा दवाखान्यात.”

“सांच्याला कोन पट्टी करत न्हाई तितं. दोनदा जाऊन आलो. गोळ्या दिल्या नुसत्या, सकाळी या म्हनत्यात.”

“बघू उद्या.”

हा ‘बघू उद्या’ मी नोकरीत हजारदा म्हटला असेल. बाकीचे नऊशे नव्व्याण्णव मला आठवत नाहीत.

दुसरा दिवस गुरुवार. आगीच्या वेळी तलावावर हजर असलेल्यांचे जबाब घ्यायचे राहिले होते, त्यातली एक बाई त्या दिवशी येणार होती. तिशीची, कारेगावात भाड्यानं राहणारी, बॅटरी जोडणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात नोकरीला. सुट्टी गुरुवारीच, म्हणून आठवडा थांबली होती. न्हावरा-चौफुला रस्त्यानं दोन बस बदलून आली, म्हणजे तिला काही सांगायचं होतं हे उघड आहे. मला तेव्हा ते उघड नव्हतं. मी तिला व्हरांड्यात बसायला सांगितलं, मामांच्याच बाकड्यावर.

मुद्देमाल खोलीच्या दारात ताई फेरसीलची तयारी करत होत्या. आदेश माझाच. मेणबत्ती पेटली होती, वाटीत लाख वितळत होती, आणि टेबलावर ते ताठलेलं गाठोडं.

त्या बाईनं दोनदा नाकानं वास घेतला आणि उठून सरळ दारापाशी गेली. “मॅडम, काय आहे त्यात?”

“मुद्देमाल. तुम्ही बाहेर बसा.”

“बॅटरी आहे का? त्या पूलच्या मशीनची?”

“हो.”

“आधी मेणबत्ती विझवा. प्लीज. आणि तुम्ही बाहेर या.” आवाज जराही चढवला नाही तिनं. पण ताईंनी फुंकर मारली. मी खोलीतून बाहेर आलो आणि साहेबी आवाजात विचारलं, “काय चाललंय?”

“सर, सेल फुगलेत आतले. हा वास सेलच्या आतल्या द्रवाचा आहे. कधीही पेटेल. चार्ज केलं होतं का कुणी?”

शिपाई छताकडे पाहू लागला. मामा बाकड्यावरून माझ्याकडे पाहत होते, आणि त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

“मी केलं होतं,” मी म्हणालो.

“कुठल्या चार्जरनं?”

मी दाखवला. तिनं त्याच्यावरचे आकडे वाचले आणि तो बाजूला ठेवला. तेवढ्यावरून मला माझे गुण कळले.

नंतर तिनं जे सांगितलं ते आम्ही निमूटपणे केलं. आधी गाठोड्याजवळ हात नेऊन पाहिलं. कोमट होतं, धूर नव्हता, फुसफुस नव्हती. तसं काही असतं तर हात लावायचाच नाही, सगळ्यांनी लांब पळायचं, म्हणाली. आवारात भीमेच्या पात्रातून जप्त केलेल्या वाळूची ट्रॉली उभी होती. त्यातली दोन घमेली वाळू घेतली. एका घमेल्यातल्या वाळूवर गाठोडं फावड्यानं अलगद सरकवलं आणि आवाराच्या टोकाला, मोकळ्या जागी, भिंतीपासून लांब नेऊन ठेवलं. जप्त वाळू अशी वापरल्याची नोंद मी आजतागायत केलेली नाही. ती इथे केली असं समजावं.

अर्धा तास काही झालं नाही. वरिष्ठ बाहेर येऊन म्हणाले, “अहो, उगाच घाबरवताय का?” एवढ्यात आधी बारीक फुसफुस ऐकू आली, मग पांढरा दाट धूर, आणि मग कापड फाडून ज्वाळा एकदम आडव्या सुटल्या, फटफट आवाज करत. वारा जिकडून येतोय त्या बाजूला उभं राहा, धूर छातीत घेऊ नका, असं ती बाई सगळ्यांना मागे सारत सांगत होती. लांबून नळी लावून पाणी मारलं. विझलं वाटलं, पुन्हा पेटलं. पुन्हा पाणी. आतला सेल थंड होईपर्यंत पाणी मारत राहायचं, नुसती ज्वाळा गेली म्हणून थांबायचं नाही, हे तिनं दोनदा सांगितलं.

मी मागे वळून मुद्देमाल खोलीकडे पाहिलं. हातभट्टीचे कॅन, कापडी गाठोडी, कागद. दारात ताई उभ्या होत्या. ती बाई आली नसती तर त्या मेणबत्ती घेऊन त्या गाठोड्यावर वाकल्या असत्या.

मामा शेजारी येऊन उभे राहिले होते. “असंच झालं हुतं बगा,” एवढंच म्हणाले. विजयाचा सूर नव्हता. पाऊस कुठून येतोय हे सांगावं तसं.

बाईचा जबाब मी स्वतः लिहून घेतला. तिनं आगीच्या दिवशी पाहिलं होतं, की कासव तळपत्या उन्हातून काढून, ओलं असतानाच, बंद मोटर रूममध्ये क्लोरीनच्या ड्रमशेजारी चार्जिंगला लावायला आप्पांच्या व्यवस्थापकानं सांगितलं. मामा नको म्हणत होते, तेही तिनं ऐकलं होतं. मूळ चार्जर कधीच हरवला होता, बाजारातून पिन जुळणारा आणला होता, हे मामांनी सांगितलं. म्हणजे आप्पांनी केलं तेच मी केलं होतं. फरक इतकाच की त्यांनी पंचांच्या सह्या घेतल्या नव्हत्या.

“सर, साधी काळजी असते हो,” ती म्हणाली. “मशीन पाण्यातून काढलं की पाणी निथळू द्यायचं, सावलीत थंड होऊ द्यायचं, चार्जिंगची जागा पूर्ण कोरडी करायची. त्याच्यासोबत आलेलाच चार्जर. हवेशीर जागा, जवळ माणूस, क्लोरीन दूर. पूर्ण चार्ज झालं की काढायचं. पावसाळ्यात ठेवून द्यायचं तर अर्धं चार्ज करून, कोरड्या जागी. आणि फुगलं, वास आला, जास्त तापलं की वापर बंद. उघडायचं नाही, दाबायचं नाही, भंगारात फेकायचं नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायचं.”

“म्हंजी बाजूला बांदायचं, चारा बंद,” मामा म्हणाले.

ती त्यांच्याकडे वळली. “अगदी तेच, मामा. तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुनी न्हाई. दिसत हुतं की.”

त्या क्षणी मला पहिल्यांदा त्यांच्या हाताचा वास आला. बॅटरीचा वास सगळ्यांनी घेतला होता. हा मी सात दिवस घेतला नव्हता. घड्याळ पाहिलं, साडेअकरा. मी जीप काढायला लावली आणि म्हणालो, “मामा, चला तुम्ही.” तोंडातून ‘तुम्ही’ आलं तेव्हा मलाच विचित्र वाटलं. माझ्यापेक्षा वयानं मोठ्या माणसाला मी सात दिवस अरेतुरे करत होतो.

ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी पट्टी सोडली. पट्टीबरोबर बरंच काही सुटून आलं. त्यांनी विचारलं, “एक दिवसाआड या सांगितलं होतं ना? का नाही आलात?” मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “जमलं न्हाई,” म्हणाले. मी गणवेशात शेजारी उभा होतो. डॉक्टरबाईंना उत्तर कळलं असावं, कारण पुढचं सगळं त्या माझ्याकडे पाठ करून बोलल्या.

पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. जखम चिघळली होती. मांडीचं कातडं काढून पंजावर लावलं. हात वाचला, पण तीन बोटं मिटेनात.

प्रकरण अकस्मात जळीत म्हणून बंद झालं. ताईंना दिलेली खुलाशाची नोटीस मी मागे घेतली. त्या म्हणाल्या, “राहू द्या साहेब फायलीला, तेवढीच आठवण.” वरिष्ठांनी मला बोलावून समज दिली, बंद दाराआड, कागदावर काही न ठेवता. बाकड्याचे ते सात दिवसही कागदावर नव्हतेच. कुणी तपासलं असतं तरी माझ्याविरुद्ध काही सापडलं नसतं. ती सोय माझी मीच करून ठेवली होती.

आता कुठे लग्नाला गेलो, फार्महाऊसवर गेलो, की मी यजमानांच्या आधी चार्जिंगचा कोपरा शोधतो. चार्जर मूळचा आहे का विचारतो, ओलं यंत्र दिसलं की पुसायला लावतो. लोक मला टाळतात. बायको म्हणते, तुम्हाला बोलावणं बंद होईल. होऊ दे. पण खरं सांगायचं तर बॅटरीचा धडा सोपा होता, तो कारखान्यातल्या एका बाईनं दहा मिनिटांत शिकवला. साध्या माणसानं त्याच्या भाषेत सांगितलेली गोष्ट पुरावा असते, हे शिकायला मला सगळी नोकरी पुरली नाही.

निवृत्त झाल्यावर वर्षभरानं मी मामांच्या घरी गेलो. लोकर कातरायचे दिवस होते. अंगणात त्यांचा भाऊ मेंढी आडवी घालून कातरत होता. मामा मेंढीचे पाय गुडघ्यांखाली दाबून बसले होते आणि भावाला सांगत होते, “हितनं नगं, कातडं पातळ हाय. तिरकी धर.” भावाच्या कातरीनं मेंढीला दोन ठिकाणी ओरखडे आले होते. मामा डाव्या हातानं त्यावर हळद लावत होते.

मी बाजेवर बसलो. चहा आला. पाठ करून आलो होतो ते सगळं बोललो, म्हणजे चूक माझी, माफ करा, वगैरे. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “साहेब, इचारल्याबिगर तुमास्नी कसं कळनार? इचारलं ते तुमचं बराबरच हुतं. म्या राग न्हाई धरला. निस्तं पट्टीपुरतं तासभर सोडलं असतं, तर बास हुतं.”

भावानं दुसरी मेंढी ओढली. मामा पुन्हा पाय धरायला वाकले.

मी चहा संपवला. परतीच्या रस्त्यावर एकच हिशेब डोक्यात फिरत राहिला. रुग्णालय ठाण्यापासून सायकलवरही जवळ होतं. कागदावर तो माणूस माझ्या ताब्यात कधी नव्हताच. त्यामुळे त्याला तासभर सोडायला मला कुठल्याही साहेबाची सही लागत नव्हती.